नववं पान

अर्जात एक चौकोन आहे : अनुभव, वर्षांत.
मी आधी शून्य लिहिलं,
मग ते फारच गोल दिसलं म्हणून खोडलं.

नाव : भाग्यरेखा मल्लेशम कोंडा.
शिक्षण : बी.एस्सी., भौतिकशास्त्र, दुसरा वर्ग.
भाषा : घरात तेलुगू, शाळेत मराठी,
गल्लीत दोन्ही, वर चिमूटभर कन्नड.
इंग्रजी लिहिता येतं, बोलताना घाम येतो.

गेल्या मार्चपर्यंत मला ठाऊकच नव्हतं
की मॅन्युअल कुणीतरी बसून लिहितं.
वाटायचं, ते खोक्यातच उगवतं,
थर्माकोलच्या खाली.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
चिलकाशेठनी इटलीचं जुनं रेपियर आणलं,
सोबत तीनशे पानं, सगळी इटालियन.
माझं काम तिथं टॉवेल मोजायचं,
डझनाला एक खडूची रेघ.
शेठ म्हणाले, तू शिकलेली आहेस की,
पोरांना कळेल असं काहीतरी लिहून काढ.

चार रात्री जागून चौदा पानं लिहिली.
पहिलं वाक्य मला फार आवडलेलं :
‘सदर यंत्र अत्यंत काळजीपूर्वक हाताळावे.’
अंबादास जॉबरनं चष्मा कपाळावर सरकवला.
“काळजी म्हंजे कुठला स्क्रू गं?”

दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन
मी त्याच्या हातांमागं उभी.
तो बोलायचा कमी. हात बोलायचे,
आणि मिनिटाला एकशे ऐंशी ठोक्यांत
हातांचंही अर्धंच ऐकू यायचं.
तार तुटली की लाल दिवा, इतकं सोपं वाटलेलं.
पण दिवा लागायच्या आधीच तो वळायचा.
“कसं कळलं, मामा?”
“कळतंय की.”
‘कळतंय की’ कुठल्या पानावर लिहू?

घरी आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.
विचारलं, तुला पहिली विडी शिकवली कशी?
तिनं पान कापलं, तंबाखू पेरली,
म्हणाली, इट्ला. मग इट्ला.
इट्ला म्हणजे असं.
आमच्या घरचं सगळं मॅन्युअल त्या एका शब्दात मावतं,
आणि हात दिसत नसेल
तर तो शब्द आंधळा.

मी खोडत गेले. ‘सदर’ खोडलं. ‘हाताळावे’ खोडलं.
‘आधी लाल बटण.
चाक पूर्ण थांबेपर्यंत हात मागे.
तुटलेलं टोक डावीकडं, तिसऱ्या दांडीखाली शोधा.
गाठ मारा. गाठ तांदळाच्या कणीएवढी, मोठी नको.’
कणी अंबादासमामाची. मी ती नुसती उचलली.

शेठनी आठशे रुपये दिले आणि एक चादर,
तिच्यावरच्या मोराला एक पाय कमी.

पुस्तिका आता सुतळीनं मशीनला टांगलीय.
परवा उलटून पाहिली.
सहावं पान तेलानं काळं, कोपरा झिजून गोल.
इतकी खूश मी कुठल्या निकालालाही नव्हते.
अकराव्यावर कुणीतरी तेलुगूत खरडलेलं :
खोटं. हे उलटं फिरतं.
बघितलं, तर खरंच उलटं फिरतं.

नववं मात्र पांढरं शुभ्र.
अक्षरं आहेत सगळी, बोट कुणाचं नाही.
नववं, म्हणजे बीम बदलताना.
रात्रपाळीच्या दयानंदच्या अंगठ्याला पट्टी होती.
वाचलं नाहीस का रे?
“घेतलं होतं की वाचायला, ताई.
तुमची पहिली ओळच संपंना.”

तो हसत होता. मला हसता आलं नाही.

पुण्याच्या कंपनीला वर्षं हवीत.
शेवटची तारीख शुक्रवार,
चौकोन अजून तसाच.
चौदा पानं, असं लिहिता येईल का त्यात?
तेरा लिहावीत का?

दुपारचे तीन, ऊन बेचाळीस,
अशोक चौकात शेअर रिक्षा भरायची थांबलीय,
अजून एक सीट हवी.
मांडीवर वही, पेनाची शाई उन्हानं पातळ.
नववं पान, पहिली ओळ :
‘दोघं लागतात.
एकट्यानं करू नका.’